उमेदवारीचा इतिहास : ‘अनुभव’ कुणाला मिळतो?

“आरक्षणाचं काय घेऊन बसलात, आता कौशल्याचा जमाना आहे.” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. बोलणारा बहुतेक वेळा असा असतो की ज्याला पहिली नोकरी मामाच्या नाहीतर वडिलांच्या मित्राच्या ओळखीने लागलेली असते. असो. आपल्या पोरांनी कौशल्यही मिळवले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूरच्या बौद्धवाड्यांतून आज आयटीआय झालेले, डिप्लोमा इंजिनिअर, बी.कॉम., एमएस्सी झालेले तरुण निघतात. काही लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत जातात, बहुतेक मुंबई, नवी मुंबई, पुणे, चाकण गाठतात. तिथे पहिला प्रश्न येतो, “अनुभव किती?” अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही.

या कोंडीवर हल्ली एक औषध सांगितले जाते. कंपनीने शिकलेल्या माणसाला सहा महिने, वर्षभर आत घ्यावे, काम शिकवावे, थोडे विद्यावेतन द्यावे, प्रमाणपत्र द्यावे. इंटर्नशिप म्हणा, अप्रेंटिसशिप म्हणा, कार्य प्रशिक्षण म्हणा. यावर आपल्या चळवळीत दोन टोकाची मते आहेत. एक गट म्हणतो, ही भीक आहे, आरक्षण मारण्याचा डाव आहे, हात लावू नका. दुसरा गट म्हणतो, मिळतेय ते घ्या आणि पुढे चला. दोघेही ही गोष्ट नवी आहे असे समजून बोलतात. प्रत्यक्षात तिला किमान दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपले आजोबा-पणजोबा आहेत.

आधी शब्दाकडे बघू. कायद्याच्या मराठीत अप्रेंटिसला ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतात. उमेदवार हा शब्द निवडणुकीच्या फार आधी कचेरीत होता. इंग्रजी अमलातल्या मामलेदार-कलेक्टर कचेऱ्यांत कारकुनाची जागा रिकामी होईपर्यंत काही तरुण बिनपगारी काम करत बसत. दप्तर लावायचे, नकला करायच्या, मोडी वळणदार काढायची, साहेबाच्या नजरेत राहायचे. याला ‘उमेदवारी करणे’ म्हणत. जागा निघाली की त्या उमेदवाराचा हक्क पहिला, कारण त्याला ‘अनुभव’ असे. आता विचार करा, बिनपगारी वर्ष-दोन वर्षे कोण बसू शकतो? ज्याच्या घरून जेवण येते, ज्याला लिहिता-वाचता येते आणि ज्याचा काका त्याच कचेरीत शिरस्तेदार आहे तो. महाराच्या पोराला त्या कचेरीच्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता, मग उमेदवारी कुठली करणार? महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी खात्यांतल्या भट कामगारांच्या वर्चस्वावर जो हल्ला चढवला, त्या वर्चस्वाला माणसे पुरवणारी यंत्रणा ही अशी होती. परीक्षा आणि पदवी यांचे महत्त्व पुढे वाढले. पण अनुभव नावाची गोष्ट घरातून, नात्यातून आणि जातीतून वाटली जात होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्या लोकांना काम शिकण्याची पहिली मोठी जागा मिळाली ती कचेरीत नव्हे, पलटणीत. मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार मोठ्या संख्येने होते आणि कोकणातले महार त्यात ठळक होते. दापोलीचा कॅम्प हे निवृत्त महार सैनिकांचे वस्तीचे ठिकाणच झाले होते. पलटणीत नुसती बंदूक नव्हती, तिथे शाळाही होती. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यातले रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले, ते या व्यवस्थेमुळे. गावात ज्याला वेशीबाहेर उभे करत तो माणूस तिथे शिक्षक होत होता. हुशारी त्याच्यात आधीही होती, ती वापरण्याची जागा फक्त इथे मिळाली.

मग १८९२ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताखाली महारांची भरती बंद झाली. दापोलीत स्थायिक झालेले निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे वलंगकर आपण समाजसुधारक म्हणून आठवतो. पण हा अर्ज नोकरीचा होता. एक दार बंद झाले की पुढची पिढी काय शिकणार, हा त्यातला खरा प्रश्न होता. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे पुढे १९१० पर्यंत हीच मागणी करत राहिले. पलटणीचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिल्यावर. मधल्या जवळपास पन्नास वर्षांत कोकणातल्या माणसाने बोट पकडली आणि मुंबई गाठली.

मुंबईत तो कुठे उतरला? गावच्या खोलीवर. डिलाईल रोड, परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत गावचे दहा-पंधरा माणसे पाळीपाळीने झोपत. नव्या माणसाला गावकरीच गिरणीच्या गेटवर नेई आणि जॉबरपुढे उभा करी. जॉबर म्हणजे भरती करणारा मुकादम. त्याच्या मर्जीने बदलीचे काम मिळे. रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, कुणी खाडा केला तर आत जायचे, नाही तर परत खोलीवर. गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत आणली, तोपर्यंत हा कारभार पूर्णपणे जॉबरच्या हातात होता. बदली हीच त्या काळची ‘इंटर्नशिप’ होती. काम करता करता शिकायचे आणि कायम होण्याची वाट बघायची.

पण काय शिकायचे, हे जात ठरवत होती. गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकाम खात्यात, साच्यावर. तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. कारण सांगितले जाई ते असे की धोट्यातली कांडी बदलताना विणकर तोंडाने सूत ओढून घेतो, मग महाराने तोंड लावलेला धोटा इतरांनी कसा तोंडाला लावायचा? म्हणजे गिरणी इंग्रजी यंत्राची, मालक पारशी, गुजराती, भाटिया, साहेब मँचेस्टरचा आणि खात्याचा नियम मनुस्मृतीचा! आपले लोक रिंग खात्यात, कमी पगाराच्या कामावर राहिले. यातला उपरोध बघा. विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणत आला होता. ज्या समाजाच्या एका मोठ्या भागाचा विणणे हा धंदाच होता, त्याला मुंबईत विणकाम ‘येत नाही’ असे ठरले.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. मजुरांची एकजूट म्हणता, तर विणकाम खात्याचे दार आमच्या मजुरांना उघडे करण्याची मागणीही तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमचा पाठिंबा गृहीत धरू नका. पुढे फॉसेट समितीपुढेही हा विषय आला. मालकांचे म्हणणे साधारण असे की ही बंदी आम्ही घातलेली नाही, हा कामगारांचा आपसातला मामला आहे. आजच्या कंपनीच्या एचआरचे उत्तर यापेक्षा वेगळे असते का? “आमच्याकडे जात बघतच नाहीत.” बघत नाहीत, आणि तरीही खाते जसेच्या तसे राहते.

इथपर्यंत कुणी म्हणेल की हे अशिक्षित मजुरांचे झाले, उच्चशिक्षिताला असा त्रास होत नसतो. त्याला बाबासाहेबांचाच दाखला द्यावा लागतो. १९१७ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात शिकून, एम.ए. होऊन, पीएच.डी.चा प्रबंध लिहून, लंडनला पुढचे शिक्षण सुरू करून ते बडोद्याला गेले. त्या वेळी देशात इतके शिकलेले अर्थशास्त्रज्ञ किती असतील? चरित्रकार धनंजय कीर (आपल्या रत्नागिरीचेच) लिहितात की सयाजीराव महाराजांच्या मनात त्यांना अर्थमंत्री करायचे होते, पण अनुभव नाही म्हणून आधी लष्करी सचिव नेमले. म्हणजे योजना अगदी आजच्यासारखी होती. कुशल माणूस बाहेरून आलेला, अनुभव कमी, म्हणून त्याला आत घेऊन काम शिकू द्यायचे आणि मग मोठ्या पदावर न्यायचे. वरचा माणूस उदार, हेतू स्वच्छ, शिष्यवृत्ती त्यांनीच दिलेली.

आणि ही योजना काही दिवसांत कोसळली. कचेरीत शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या खानावळवजा मुक्कामघरात राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून सांगून गेला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही घरी ठेवून घेण्याचे टाळले. सार्वजनिक बागेत कित्येक तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. बडोद्याची नोकरी कागदावर उत्तम होती. ती टिकवायला लागणारी खोली, पाणी, सहकारी आणि शिपाई जातीच्या ताब्यात होते.

मी हा प्रसंग सामाजिक कामात रोज आठवतो, कारण पुण्यात इंटर्नशिपला गेलेला आपला पोरगा परत येतो तेव्हा घरचे म्हणतात, “त्याला जमलं नाही.” खोदून विचारले की कळते, आडनाव सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली नाकारली, तिसरी मिळाली ती कंपनीपासून दीड तासावर, आणि विद्यावेतन खोलीभाड्यातच गेले. त्याला काम जमले होते. तिथे राहणे त्याला परवडले नाही.

मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे विधान त्या भाषणातले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या बढतीचा जो हिशोब मांडला तो आपण वाचत नाही. अस्पृश्य गँगमन जन्मभर गँगमन राहतो. साधा पोर्टरही होऊ शकत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो आणि अस्पृश्य नोकर त्याच्या घरात चालत नाही. बघा, पोर्टरच्या कामात विटाळाचा काही संबंध नाही. संबंध आहे साहेबाच्या मोरीचा. आणि पोर्टर झाला नाही म्हणून त्यापुढच्या कोणत्याही जागेचा ‘अनुभव’ त्याच्या वाट्याला येत नाही. अनुभवाची शिडी पहिल्याच पायरीला कशी कापली जाते, याचे इतके नेमके वर्णन मी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दोन वर्षांत कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचले नाही.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगोंना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. या निवेदनातून दोन गोष्टी आल्या त्या आपण अभिमानाने सांगतो. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत ८.३३ टक्के आरक्षण आणि उच्च शिक्षणासाठी तीन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या, ज्यातून आपले विद्यार्थी परदेशी गेले. तिसरी मागणी मात्र कुणी सांगत नाही. कला आणि कायद्याच्या पदवीने आपल्या समाजाचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रशिक्षण हवे, असे मांडून त्यांनी सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अस्पृश्य तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे असे मागितले. शाळेची जागा, नोकरीची जागा आणि त्या दोहोंच्या मधली काम शिकण्याची जागा, अशा तिन्ही त्यांनी एकाच निवेदनात मागितल्या आणि तिन्ही हक्क म्हणून मागितल्या. इंटर्नशिपला भीक म्हणणाऱ्या मित्रांनी हे निवेदन एकदा वाचावे.

स्वातंत्र्यानंतर शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ साली आला. मूळ कायद्यात आपल्यासाठी काही नव्हते. १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३अ आले. राज्यातल्या लोकसंख्येचा विचार करून प्रत्येक निर्दिष्ट ट्रेडमध्ये अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवायच्या. त्याच दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारकही या कायद्यात आले. आता नीट लक्ष द्या. हा कायदा खाजगी कारखान्यालाही लागू आहे. ‘खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही’ असे आपण सरसकट म्हणतो, ते नोकरीच्या बाबतीत खरे. काम शिकण्याच्या जागांबाबत मात्र पन्नासहून अधिक वर्षे राखीव जागा कायद्याच्या पुस्तकात आहेत. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांनी त्या एखाद्या कंपनीकडे मागितल्या?

सरकारी उपक्रमांत या कायद्याने खरोखर घरे उभी केली. परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून, एसटीच्या डेपोतून, बेस्टमधून अप्रेंटिस झालेले फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन कोकणातल्या कितीतरी बौद्ध घरांत भेटतात. तिथे अप्रेंटिसशिपपाठोपाठ आरक्षित भरती होती, म्हणून शिकलेले वाया गेले नाही. उत्तर प्रदेशच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले की इतर बाबी समान असतील तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे. खाजगी कंपनीत मात्र अप्रेंटिसच्या पाठोपाठ पुढचा अप्रेंटिस येतो. कारण कलम २२. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते. २०१४ च्या दुरुस्तीने त्यात एवढाच फरक झाला की प्रशिक्षण संपवलेल्यांना घेण्याबाबत मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे. त्याच दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाची तुरुंगवासाची शिक्षाही काढून टाकली.

२००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सीआयआयच्या सभेत उद्योगपतींना आपल्या कंपन्यांतल्या सामाजिक विविधतेकडे बघायला सांगितले. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची चर्चा तापली होती. उद्योगांनी जमशेद इराणी यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला आणि उत्तर दिले की कायद्याची सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने प्रशिक्षण देऊ, शिष्यवृत्त्या देऊ, उद्योजक घडवू. त्यातून काही चांगले कार्यक्रम निघाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यामागचे निदान काय होते? दलित तरुण मागे आहे कारण त्याच्यात काहीतरी कमी आहे. इंग्रजी कमी, आत्मविश्वास कमी, ‘सॉफ्ट स्किल’ कमी. कंपनीत काही चुकीचे नाही.

नेमक्या त्याच काळात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी हे निदान तपासले. खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता १ धरली तर दलित नावाला ती ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ भरली. अर्जात इंग्रजी उच्चार ऐकू येत नाही, कपडे दिसत नाहीत. दिसते ते आडनाव. याच संशोधनमालेत सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीच्या परिसरातल्या पंचवीस एचआर व्यवस्थापकांशी बोलून दाखवले की हे सारे गुणवत्तेची भाषा बोलतात आणि मुलाखतीत हमखास ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतात. कचेरीतल्या शिरस्तेदार काकाचे हे नवे नाव.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला तेही बघू. कॅनडात भारतातून, फिलिपाइन्समधून गेलेला इंजिनिअर टॅक्सी चालवतो, कारण कंपन्या ‘कॅनेडियन अनुभव’ मागतात. टोरांटोत २००३ पासून अशा शिकलेल्या स्थलांतरितांना कंपन्यांत पगारी इंटर्नशिप देणारा ‘करिअर ब्रिज’ कार्यक्रम सुरू झाला. पण तिथे प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये धोरण काढून सांगितले की कॅनेडियन अनुभवाची सरसकट अट हा प्रथमदर्शनी भेदभाव आहे आणि ती अट का आवश्यक आहे हे मालकानेच सिद्ध करावे. तिथे स्थलांतरिताला पूल दिला आणि मालकाच्या अटीवरही बोट ठेवले. आपल्याकडचे जे मराठी लोक टोरांटोत जाऊन “आमची पदवी मोजत नाहीत” म्हणून अन्यायाची तक्रार करतात, त्यांची तक्रार खरी आहे. तीच तक्रार आंबडव्याचा पोरगा पुण्यात करतो तेव्हा तिला ‘गुणवत्तेचा अभाव’ म्हणू नये, एवढेच.

आता २०२४ नंतरच्या योजना. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांत एक वर्ष, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये देत होती. महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये विद्यावेतन देते. आधी सहा महिने होती, नंतर अकरा महिने केली. मुदत संपलेल्या प्रशिक्षणार्थींनी नोकरीसाठी आंदोलने केली, ती आपण पाहिली. पाच हजारांत मंडणगडचा मुलगा ठाण्यात कसा राहील? ज्याचे घर ठाण्यातच आहे त्याच्यासाठी ही रक्कम पॉकेटमनी आहे. बिनपगारी उमेदवारीचे गणित दीडशे वर्षांत फार बदललेले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की जागा सोडू नका आणि कृतज्ञही होऊ नका. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात दोन-तीन कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. माहिती अधिकारात शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाला विचारायचे की आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या आस्थापनांना हा कायदा लागू आहे, गेल्या पाच वर्षांत प्रत्येक ट्रेडमध्ये किती जागा होत्या, कलम ३अ खाली किती राखीव होत्या, किती भरल्या आणि रिकाम्या राहिल्या त्या का. खाजगी कंपनीला थेट माहिती अधिकार लागू नाही, पण या कार्यालयाकडे तिचे कागद असतात. दुसरे, कलम २२ खालचे भरतीचे धोरण कंपनीने लिहून ठेवले आहे का आणि प्रशिक्षण संपवलेल्यांपैकी किती जणांना घेतले, त्यात अनुसूचित जातीचे किती. आणि तिसरे काम आपल्या स्वतःच्या मंडळांचे. मुंबईतल्या गावकीच्या खोल्या एकेकाळी गिरणीत बदली लागेपर्यंत माणसाला सांभाळत. त्यातल्या कित्येक विकल्या गेल्या, काही भाड्याने दिल्या, काहींवर पुनर्विकासाचे वाद चालू आहेत. ज्या शिल्लक आहेत, त्यांत इंटर्नशिपला आलेल्या पोराला अकरा महिने पाठ टेकायला जागा देण्याचा ठराव गावोगावच्या मंडळांच्या पुढच्या सभेत यायला हवा. मुलींसाठी वेगळी खोली लागेल. त्याचा खर्च कसा उभा करायचा, हेही त्याच सभेत ठरवावे.